वेळ, तापमान आणि ताईंचा हात

आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत दह्याला मोठा मान होता. महाळुंग्यातली आमची कंपनी गाड्यांसाठी रबराचे भाग बनवते. बुश, वॉशर, सील असला माल. दिवसभर गरम रबराचा वास नाकात बसतो आणि तो घालवायला ताकासारखं औषध नाही, असं आम्हा बायकांचं ठाम मत. आम्ही काही जणी कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर डबे उघडायचो आणि दही आणायचं काम प्रेसवरच्या ताईंकडे होतं. ताई लातूरकडच्या. नवरा चाकणला एका गोदामात कामाला, आणि दोघं कंपनीच्या मागच्याच गल्लीत एका खोलीत राहायचे. त्यांचं दही असं लागायचं की डबा उलटा केला तरी पडायचं नाही. ते त्या करूनही दाखवायच्या आणि मी दरवेळी ओरडायचे.

मी क्वालिटीत आहे. शिक्षण स्टॅटिस्टिक्सचं, राहणं पिंपळे गुरवला आणि स्वभाव, सासूबाईंच्या शब्दांत सांगायचं तर, फोडणीत पाणी पडल्यासारखा. ते खरं आहे. मला दोन गोष्टींचा राग फार पटकन येतो. एक, कुणी माझ्या पोळीवर भाजी वाढून ठेवली तर. दुसरी, कुणी सरासरी काढून ती माणसाच्या डोक्यावर मारली तर.

त्या हिवाळ्यात ताईंचं दही बंद झालं. आधी वाटलं, थंडीचे दिवस आहेत, होतं असं. मग एकदा विचारलंच.

"लागंना झालंय मॅडम," ताई म्हणाल्या.

"टॉवेल गुंडाळून ठेवा की डब्याला."

"टावेलनं काय होतंय? माझ्या हातालाच यश न्हाई आता. कंपनीत माल कच्चा निघायलाय, घरी दूध तसंच ऱ्हायलंय." असं म्हणून त्यांनी उजवा तळहात उलटा करून बघितला, जणू त्याच्यावर काहीतरी लिहून आलंय. टेबलावरच्या बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. प्रेसवर काम करणाऱ्या बाईने स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवला, की पुढचं सगळं घालवायला कुणाची मदत लागत नाही.

ताईंचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कच्चं रबर गरम साच्यात ठेवायचं, प्रेस बंद करायची, ठरलेला वेळ झाला की प्रेस उघडून माल काढायचा. यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या: साचा किती तापलाय आणि माल आत किती वेळ राहिला. कमी पडलं तर माल कच्चा राहतो, बोट दाबलं की खळी पडते. जास्त झालं तर करपतो, वाकवला की तडा जातो. दोन्ही प्रकार रिजेक्ट. प्रत्येक प्रेसच्या वर एक पाटी लावलेली असते आणि तिच्यावर माल किती वेळ ठेवायचा ते लिहिलेलं असतं. सगळ्या प्रेसना वेळ एकच. तपासणीला येणाऱ्या गिऱ्हाइकांना सगळीकडे एकसारखं दिसलं की बरं वाटतं, म्हणून ही पद्धत.

ताईंची प्रेस सगळ्यांत जुनी आणि नेमकी शटरच्या तोंडाशी. ट्रक भरायला शटर दिवसभर उघडं, थंडीत वारा सरळ आत. साचा तापवणारी तिची प्लेट बाकीच्यांइतकी कधी तापायचीच नाही. आधीच्या सुपरवायझरने ताईंना सांगून ठेवलं होतं की तुमच्या प्रेसवर टायमर थोडा वाढवून ठेवत जा. ताई ठेवत होत्या. तरी थंडी वाढली तसा त्यांचा कच्चा माल वाढला.

मग आली ती मीटिंग. आमचे प्रॉडक्शनचे साहेब मूळचे मावळातले, मनाने वाईट नाहीत, पण त्यांनी तेव्हा नुकताच डेटाचा एक ऑनलाइन कोर्स केला होता. अर्ध्या हळकुंडाने माणूस किती पिवळा होतो ते पाहायचं असेल तर त्या दिवसांत आमच्या मीटिंगला बसायला हवं होतं. त्यांनी पडद्यावर रिग्रेशन लावलं. रिग्रेशन म्हणजे काय, तर कुठली गोष्ट एका घराने वाढवली की परिणाम किती घरांनी सरकतो, याचा हिशेब. त्यांनी तापमान घेतलं, वेळ घेतला आणि रिजेक्शन किती सरकतं ते काढलं. वेळेसमोरचा आकडा वाढीचा निघाला. म्हणजे वेळ वाढवला की रिजेक्शन वाढतं.

"आता वेळ कोण वाढवतंय?" साहेबांनी विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "शटरजवळच्या बाई. कॉन्ट्रॅक्टरला सांगून टाका, महिनाअखेर त्यांच्या जागी दुसरं माणूस द्या. आणि तोवर त्यांचा टायमर पाटीवर आणा."

"त्यांची प्रेस थंड आहे, सर," मी म्हटलं.

"मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं."

"सर, अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं. ते मोजता येतं, आणि आम्ही दर शिफ्टला मोजतो."

खोलीत कुणीतरी खोकलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग महिनाअखेरपर्यंत दाखवा मोजून." मी म्हटलं, दाखवते. मला एका क्षणाचीही शंका नव्हती. त्यांच्या हिशेबात काय चुकलंय ते मला पडदा बघतानाच दिसलं होतं.

त्यांच्या समीकरणाने गृहीत धरलं होतं की वेळेचा परिणाम सगळ्या प्रेसवर सारखाच असतो. घरी कुणी असं गृहीत धरेल का? विरजण लावलेलं दूध तासभर जास्त ठेवलं तर दह्याचं काय होतं, असा प्रश्न कुठल्याही बाईला विचारा. ती आधी उलट विचारेल, दूध किती कोमट होतं? गार दुधाला तो तास हवाच असतो. चांगल्या कोमट दुधाचं त्याच तासात आंबट होतं. तासाचा गुण तासात नाही, तो दुधाच्या उबेवर ठरतो. रबराचंही तेच. आमच्या बहुतेक प्रेस गरम, तिथे कुणी वेळ वाढवला की माल करपायचा. नोंदी त्यांच्याच जास्त, म्हणून समीकरण त्यांच्या बाजूने बोललं आणि एकट्या थंड प्रेसचं म्हणणं त्या गर्दीत दबून गेलं.

यावर उपाय सोपा आहे. समीकरणात आणखी एक पद घालायचं, तापमान गुणिले वेळ. त्या गुणाकारासमोर जो आकडा येतो तो सांगतो की तापमान एका अंशाने वाढलं की वेळेचा परिणाम किती बदलतो. मी साहेबांच्याच नोंदी घेतल्या, गुणाकार घातला आणि आकडा ठसठशीत आला. मी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, उद्या समजावते असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी भोसरीला एका सप्लायरकडे तपासणीला गेले.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटातच मला करपल्याचा वास आला. आत पाहते तर लाल क्रेटच्या थप्प्या लागलेल्या. मी एक वॉशर उचलून वाकवला आणि तो पापडासारखा मोडला. सगळ्या प्रेसचे टायमर कुणीतरी वाढवून ठेवले होते. आणि ते कुणीतरी म्हणजे कोण, हे कळायला वेळ लागला नाही, कारण साहेब माझीच वाट बघत उभे होते.

"तुमच्याच कागदात लिवलंय ना मॅडम? वेळेसमोर मोठा उणे आकडा. पुढं तीन तारे, म्हंजे आकडा एकदम पक्का. म्हंजे वेळ वाढवला की रिजेक्शन धाडकन कमी! आमी वाढवला. आता हे काय?" रागावले की साहेबांची भाषा सरळ गावाला पोचते.

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, आधी हसू आलं. कारण ही चूक अगदी नेमकी होती. गुणाकार आत आला की वेळेसमोरचा आकडा एकटा वाचायचा नसतो. तो सांगतो वेळेचा परिणाम किती, पण कधी? तापमान शून्य असताना.

"सर," मी म्हटलं, "हा आकडा बरोबर आहे. फक्त तो शून्य अंशावरच्या प्रेसचा आहे. आपल्याकडे अशी एखादी प्रेस असेल तर तिच्यावर वेळ जरूर वाढवा. आइस्क्रीमही काढता येईल."

शेजारच्या प्रेसवरचे चाचा फिस्सकन हसले. चाचा म्हणजे कंपनीतला सगळ्यांत मुरलेला ऑपरेटर. त्यांच्या हाताची ख्याती अशी की गिऱ्हाईक आलं की त्याला आधी त्यांच्याच प्रेसकडे नेतात. चाचा हसले म्हटल्यावर साहेबांचा राग निम्मा उतरला. ते म्हणाले, "मग नीट सांगा, राव."

मी त्यांना माझ्या टेबलाशी बसवलं. प्रत्येक तापमानातून आमच्या सगळ्या प्रेसचं सरासरी तापमान वजा केलं आणि समीकरण पुन्हा लावलं. नोंदी त्याच, गुणाकारासमोरचा आकडाही जसाच्या तसा. बदलला फक्त शून्याचा अर्थ. आता शून्य म्हणजे आमची सर्वसाधारण प्रेस, जी खरोखर जमिनीवर उभी आहे, जिच्यापाशी माणूस उभा आहे. वेळेसमोरचा तो भलामोठा उणे आकडा गेला आणि त्या जागी इवलासा आकडा आला. तारे गायब.

साहेब पुढे झुकले. "म्हणजे वेळेचा काही परिणामच नाही?"

"सर्वसाधारण प्रेसवर नाही. सर, हा तोच घोटाळा दुसऱ्या बाजूने आहे. थंड प्रेसवर वेळ वाढवला की रिजेक्शन उतरतं, गरम प्रेसवर तेच चढतं. मधल्या प्रेसवर दोन्ही ओढाताण संपते, म्हणून तिथे काही दिसत नाही. परिणाम आहे, तो प्रेस बघून बोलतो." त्यांना हेही सांगितलं की उलटं वाचलं तरी तेच. तापमान वाढवणं चांगलं की वाईट, हेही माल किती वेळ आत आहे ते बघूनच सांगता येतं. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला सोडून बोलत नाही.

मग मी तीन रेघा काढल्या. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर रिजेक्शन. गरम प्रेसची रेघ वर चढणारी, मधल्या प्रेसची जवळजवळ सपाट, थंड प्रेसची खाली उतरणारी. आणि मुद्दाम रेघा आमच्या नोंदी जिथे संपतात तिथेच थांबवल्या. त्याच्यापलीकडे काय होतं ते आम्ही कधी करून पाहिलेलं नव्हतं, आणि जे पाहिलं नाही त्याबद्दल मी बोलत नाही. साहेबांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"रेघा पटल्या," ते म्हणाले. "पण ही खालची रेघ प्रेसची आहे की बाईंची, ते कसं ठरवणार? या नोंदी पहिल्या शिफ्टच्या, आणि त्या शिफ्टला त्या प्रेसवर कायम त्याच असतात."

हा प्रश्न चांगला होता. मला साहेब त्या क्षणी पहिल्यांदा आवडले. कागदावर याचं उत्तर नव्हतं, कारण कागदावर ताई आणि त्यांची प्रेस कधी वेगळ्या झाल्याच नव्हत्या. मी म्हटलं, "अदलाबदल करू. चाचा ताईंच्या प्रेसवर, ताई चाचांच्या. दोघांचा टायमर पाटीवर."

चाचांनी लगेच हातमोजे उचलले. "चला ताई, आज तुमची जागा मला द्या. बघू तुमचं मशीन मला काय दाखवतं ते."

ताई मात्र जागच्या हलेनात. त्यांनी मला शटरच्या बाजूला घेतलं. "मॅडम, तिथं बी माझा माल खराब निघाला तर? आता निदान मशीनवर ढकलता येतंय. मग कशावर ढकलू?"

त्यांच्या डोळ्यांत खरी भीती होती. नोकरी तर होतीच पणाला, पण त्याहून मोठी भीती खरं कळण्याची होती. मला गलबलून आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांचा हात धरला, म्हटलं, "ताई, मला माझ्या रेघेवर विश्वास आहे. तुम्ही पण ठेवा."

मी अशी वाक्यं सहसा बोलत नाही. आकड्यांचं काम करणाऱ्या माणसाने आधीच विश्वासाच्या गोष्टी करू नयेत. पण त्या दिवशी मी बोलले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत निकाल लागला. ताईंनी चाचांच्या गरम प्रेसवर पाटीचा वेळ ठेवून काढलेला माल बोटाने दाबून, वाकवून, दाताने चावायचं सोडून बाकी सगळ्या प्रकारे बघितला. चांगला होता. चाचांच्या क्रेटमध्ये मात्र कच्चे वॉशर साचले होते. चाचा एकेक दाबत होते आणि खळी पडलेली बघून मान हलवत होते. "इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "असा माल माझ्या हातून कधी निघाला नाही. ताई, तुम्ही रोज हे कसं सहन करता?"

दुपारी ताई आपल्या प्रेसवर परतल्या. माझ्या रेघेवरून जो वेळ निघत होता तो मी टायमरला लावला. पाटीपेक्षा चांगलाच जास्त आणि त्या आधी ठेवत होत्या त्याहूनही थोडा जास्त, कारण थंडी वाढली होती. माल नीट निघाला. साहेबांनी स्वतः येऊन दाबून बघितला, मग खिशातून फोन काढला आणि तिथेच उभे राहून कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं की त्या बाईंना बदलायचं नाही. फोन ठेवून मला म्हणाले, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं होतं आमचं." मी होय म्हटलं. नाही कशाला म्हणू?

पुढच्या आठवड्यात सगळ्या पाट्या बदलल्या. आता प्रत्येक प्रेसला तिचा वेळ, आणि तो त्या शिफ्टला मोजलेल्या तापमानावरून. गिऱ्हाइकाची तपासणी आली तेव्हा साहेबांनी त्यांना रेघा समजावल्या आणि शून्य अंशाचा किस्सा असा रंगवला की जणू चूक दुसऱ्याच कुठल्या कंपनीत झाली असावी. मी शांतपणे ऐकून घेतलं. सासूबाईंनी ते पाहिलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

त्या तीन रेघांचा कागद मी ताईंच्या प्रेसशेजारी खांबावर लावला होता. ताईंनी एकदा विचारलं, यातली आपली कोणती? मी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं बोट त्या रेघेवरून हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलं. पण तळहात उलटा करून बघायची सवय गेली नव्हती. एखादा वॉशर वाईट निघाला की नजर आधी तिथेच जायची. रेघ डोक्यात शिरायला वेळ लागतो आणि मनात शिरायला त्याहून जास्त.

मग थंडी उतरणीला लागली असताना एका दुपारी ताईंनी टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. दही. डबा उलटा करून दाखवला नाही, नुसता माझ्यापुढे सरकवला. मी चमचाभर तोंडात घातलं आणि माझ्या स्वभावाला जे जमतं तेच केलं. खरं सांगितलं.

"जरा आंबट झालंय, ताई."

शेजारचीने मला टेबलाखालून पाय मारला. ताईंनी माझ्या हातातला चमचा घेतला, चव बघितली, जीभ टाळ्याला लावून क्षणभर विचार केला.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "दूध चांगलं कोमट होतं, वरून टावेल गुंडाळला, आन् ठेवलं बी थंडीत ठेवायचे तितकाच येळ. आता ऊन वाढायलंय, तर येळ कमी कराय पाहिजे होता." डबा त्यांनी पुन्हा माझ्याकडे सरकवला. "उद्या नीट लागतंय बघा."

हाताचं नाव त्यांनी काढलं नाही. मी वाटी पुढे केली आणि म्हटलं, अजून वाढा.